खाऱ्या बावखलाची कळशी

बसा क्रूसाच्या ओट्यावर. आधी ह्या बावखलाचं पाणी चाखा. घ्या ओंजळभर, लाजू नका.

थुंकलात ना? सगळेच थुंकतात. मी आधी सांगत नाय, तेवढीच म्हाताऱ्याची गंमत. आता गोष्टीचा शेवट ओळखा. ओळखलात तर शहाळं माझ्याकडून. आजवर एकपण द्यावं लागलं नाय.

बावखल म्हणजे वाडी शिंपायचं तळं. हे पूर्वी गोड होतं, असं सांगतात. मालक सांतान, आमच्या वरच्या आळीचा. खालच्या आळीला, समुद्राकाठी, प्यायला थेंब नाय. तिथल्या बायांनी कळशी बुडवू नये म्हणून सांताननं भोवती निवडुंग लावला, वाटेवर काटे रचले.

पण उपासाचे चाळीस दिवस आले की काटे काढायचा. घ्या गो पाणी, म्हणायचा. फादरपुढे पाप कबूल करायचा, छाती बडवायचा. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाचं जेवण झालं की हात धुवायचा आणि काटे परत वाटेवर. दर साल हेच.

फादर म्हणाले, "सांतान, देव रागवायला हळू आहे, पण बहिरा नाय. दर साल तेच पाप काय आणतोस?"

"मग नवीन आणू काय, फादर?"

आळी पोट धरून हसली म्हणे. आपणपण हसलो असतो.

एका साली पास्काच्या दुसऱ्या दिवशी खालची मारू आली. लेक तापानं फणफणलेली. काट्यांपलीकडून म्हणाली, "सांतानबाबा, एक कळशी."

"उपास संपले, मारू. पुढल्या साली ये."

दिवस मावळायच्या आत पोरगी गेली.

तुम्ही म्हणाल, वीज पडली. नाय पडली. सांतान चांगला म्हातारा होऊन मेला. पोरगी गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यानं चूळ भरली तर पाणी खारं, बस एवढंच. त्यानं निवडुंग मुळासकट उपटला, हात रक्तानं भरले. खाली हाका मारल्या, या गो, न्या. कोण येणार? खारं पाणी समुद्राकाठी कमी होतं काय? फादरला आशीर्वाद द्यायला आणलं. फादर काठावर गुडघे टेकून बसले आणि आशीर्वाद न देता तसेच उठले. म्हणाले, "माझा राग असता तर आवरला असता, सांतान."

खाऱ्या पाण्यानं वाडीतल्या पानवेली जळल्या. आणि खाली मारूच्या दाराशी रेतीत गोड झरा लागला. शिकलेले म्हणतात, समुद्र आत घुसला. घुसला असेल. पण झरा लेक गेल्यावर का, आधी का नाय? ते मला विचारू नका. मी देवाला विचारून दमलो.

आजही पास्काच्या दुसऱ्या दिवशी आमची आळी रिकाम्या कळश्या घेऊन खाली जाते, दारात उभी राहून पाणी मागते. खालच्यांना नाय म्हणायची मोकळीक आहे. कुणी म्हणत नाय.

सांतान तर मरेपर्यंत रोज मारूच्या दारात जायचा. शेवटच्या दुखण्यात बोलला म्हणे, रोज मनात म्हणायचो, आज तरी नाय म्हण, बाय.

मारू रोज कळशी भरून द्यायची.