उशाशी भरलेला तांब्या

“पण ती पडली तर?”

सयाजीनं हे दुसऱ्यांदा विचारलं आणि वस्तादांनी दुसऱ्यांदा उत्तर दिलं नाही. ते मल्लखांबाला एरंडेल चोळत होते. चिंधी तेलात बुडवायची, खांबावरून वरून खाली फिरवायची, पुन्हा बुडवायची. घाई नावाचा प्रकार त्या माणसात नाहीच.

मी तालमीबाहेरच्या कट्ट्यावर एका पायावर उभा होतो. हसू नका. साखरेनं माझे तळपाय बधिर केलेत, पायाखाली जमीन आहे की नाही ते मला डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. म्हणून रोज सकाळी भिंतीला एक बोट टेकवून मी असा बगळा होतो.

शेजारी पोस्टातून निवृत्त झालेले कुंभोजकर असतात. लकव्यातून उठलेत, त्यांचा डावा पाय अजून त्यांचं ऐकत नाही. पलीकडं गल्लीतली पोरं. त्यांना काही झालेलं नाही, त्यांना आमच्याबरोबर लंगडी धरून उभं राहायला मजा वाटते. तालमीच्या मातीत म्हातारे आणि बायका नकोत असा जुना रिवाज, म्हणून दस्तगीर वस्तादांनी हा वर्ग कट्ट्यावर भरवला.

सयाजी आमच्या वर्गाला म्हाताऱ्यांचा बाजार म्हणतो. माझ्या तोंडावर म्हणतो.

तो म्हणजे आमच्या कृष्णाकाठच्या गावाचा अभिमान. बाटल्या उभ्या करायच्या, त्यांवर फळी ठेवायची आणि त्या फळीवर एका पायानं उभं राहून हात जोडायचे. जत्रेत तो हे करतो तेव्हा बायका डोळे मिटून घेतात. अंगात गुण आहे आणि त्या गुणाची घमेंडही आहे.

पण त्या दिवशी त्याचं तोंड उतरलं होतं.

त्याची आई तानुबाई. घरात दोघंच, मायलेक. पावसाळ्याआधी ती न्हाणीत घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधलं, टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, हाडाचं काम झालं, आता तिला तिच्या पायांवर उभं करा. तोल पुन्हा शिकवावा लागेल, व्यायाम दाखवतो ते रोज करून घ्या.

सयाजीनं मान डोलावली आणि घरी येऊन स्वतःच्या मनाचं केलं. आईच्या दोन्ही काखांत हात घालून तो तिला उचलायचा, न्यायचा, परत आणून ठेवायचा. एक पाऊल तिचं तिला टाकू द्यायचा नाही. एकदा पडली ती माझ्या पाठीमागं पडली, आता पडू देणार नाही, असं गावभर सांगायचा. लोकही म्हणायचे, लेक असावा तर असा.

तानुबाई मात्र सुधारायची सोडून वाळत चालली होती. पाय काड्यांसारखे झाले. जेवण तुटलं, मग बोलणंही तुटलं. आता डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, असंच चाललं तर ही बाई पुन्हा अंथरुणातून उठायची नाही.

म्हणून तो वस्तादांकडं आला होता. सल्ला विचारायला नव्हे हो. वस्तादांनी डॉक्टरांना चूक म्हणावं म्हणून.

वस्तादांनी चिंधी खुंटीला अडकवली.

“आई पाणी किती पिते?”

सयाजी गोंधळला. मीही गोंधळलो, कारण आमचं बोलणं चाललं होतं तोलाचं.

“पाण्याला काय कमी आहे, वस्ताद? उशाशी तांब्या असतो. मी सकाळी स्वतः भरून ठेवतो.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळीही भरलेलाच असतो.”

हे त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. आपण सेवेत कुठं उणं पडलो नाही, असा त्याचा भाव होता. 

वस्ताद म्हणाले, “बाटल्या मांड.”

सयाजीचा चेहरा खुलला. त्यानं मातीत बाटल्या मांडल्या, फळी ठेवली, चढला, एक पाय उचलला, हात जोडले. फळी थरथरली आणि थांबली. कुंभोजकर स्वतःचा व्यायाम विसरून दारातून बघत राहिले. खरं सांगतो, मला हेवा वाटला. ज्याच्या तळव्यांना जमीन कळते तो राजा माणूस.

वस्ताद मागून गेले, त्याच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्याला घट्ट धरलं.

फळी एकीकडं कलली. सयाजी दुसरीकडं झुकून सावरायला गेला, तर वस्तादांनी त्याला आपल्याकडं ओढलं. त्याला जिकडं जायचं तिकडं जाता येईना…

“धरू नका, वस्ताद… सोडा, सोडा मला.”

बाटली निसटली आणि फळी आपटली. सयाजी मातीत लोळला. लागलं काही नाही, पडायचं कसं हेही इथंच शिकवतात.

वस्तादांवर चिडायची आमच्याकडं पद्धत नाही, पण तो चिडला. तुम्ही धरलंत म्हणून गेलो, म्हणाला, नाहीतर तसूभर न हलता उभा राहिलो असतो.

“मी तर तुला सांभाळत होतो,” वस्ताद म्हणाले. “तू पडला असतास तर?”

सयाजी अंगावरची माती झटकता झटकता थांबला.

आमच्या तालमीतली एक रीत सांगतो. पोरगं पहिल्यांदा खांबावर चढलं की वस्ताद खाली उभे राहतात. दोन्ही तळहात उघडे, पोराच्या पाठीपासून वीतभर लांब. शिवत नाहीत. पोराला ते हात दिसत नाहीत, पण आहेत हे ठाऊक असतं. या गावातली निम्मी माणसं त्या हातांवर वाढली, सयाजी तर सगळ्यांत जास्त. आणि हाच गडी घरी गेला की ती रीत साफ विसरायचा. आईला कुणी शिकवत असतं का, असं त्याला वाटत असणार.

वस्ताद त्याच्या घरी निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेलो.

तानुबाई कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. उशाशी तांब्या, त्यावर फुलपात्र, दोन्ही लख्ख घासलेली. वस्तादांनी सयाजीला चहा टाकायला आत पिटाळलं आणि स्वतः कॉटजवळ जमिनीवर बसले.

“आक्का, पाणी का पीत नाहीस?”

तिनं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. ओठ सुकून फुटले होते. 

“पाणी प्यालं की उठावं लागतंय, दस्तगीरदादा. उठायचं म्हंजे लेकाला हाक मारायची. त्यो उचलून परसात नेतोय, दार उघडं ठेवून तिथंच उभा ऱ्हातोय.” तिनं पदर तोंडावर घेतला. “त्याला मी धुतलं, पुसलं. आता त्यानं मला तसं बघायचं… त्यापरीस तहान बरी.”

आत कपबश्यांचा आवाज थांबला.

सयाजी हातात चिमटा घेऊन दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याची इतकी शरमलेली मुद्रा मी कधी पाहिली नव्हती, आणि मला त्याची कीव आली. मला वाटलं, आता वस्ताद त्याला फैलावर घेणार.

वस्ताद म्हणाले, “चहा उतू जातोय.”

दुसऱ्या सकाळपासून तानुबाई कट्ट्यावर आली. म्हणजे सयाजीनं उचलून आणली. वस्तादांनी त्याला बजावलं होतं, कट्ट्यापर्यंत तुझे हात, कट्ट्यावर तिचे पाय. ती आधी बरीच कुरकुरली. तालमीच्या दारात बाईमाणसानं उभं राहायचं, लोक काय म्हणतील, वगैरे. मी म्हटलं, लोक मला बगळा म्हणतात, तुम्हाला बगळी म्हणतील, त्यात काय. ती हसली नाही, पण माझ्या शेजारी उभी राहिली.

भिंतीला दोन्ही तळहात, मागं खुर्ची. अंगाचा भार या पायावरून त्या पायावर, पुन्हा या पायावर. एवढंच. पहिले काही दिवस एवढ्यानंच तिला घाम फुटायचा. डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम वस्तादांनी तिच्याकडूनच विचारून घेतले आणि तेच करून घेतले, स्वतःचं त्यात काही घातलं नाही. तळहातांच्या जागी बोटं आली. मग एका हाताची बोटं. कुंभोजकर तिला धीर द्यायचे, पोरं तिच्याशी पैज लावायची आणि मुद्दाम हरायची.

सयाजीचा व्यायाम वेगळा होता. त्यानं आईच्या मागं उभं राहायचं, दोन्ही तळहात उघडे, तिच्यापासून वीतभर लांब. शिवायचं नाही.

सोपं वाटतं ना? बाटल्यांवर ज्याचं बोट हलत नाही त्याला तिथं स्वतःचे हात आवरत नव्हते. आई जरा कलली की ते पुढं धावायचे आणि वस्ताद नुसतं “हं” म्हणायचे. दिवसातून कितीदा हं म्हणायचे त्याला सुमार नाही. सयाजी एकदा वैतागून म्हणाला, यापेक्षा खांबावर उलटा लटकतो. वस्ताद म्हणाले, ते तुला येतंच की.

मग ती सकाळ. पोरांचा चेंडू कट्ट्यावर आला आणि तानुबाईच्या पायाशी आपटला. ती दचकली, मोडलेल्या बाजूवर भार गेला, बोटं भिंतीवरून सुटली.

सयाजीचे हात निघाले…

“हं.”

थांबले. कसे थांबले ते त्याचं त्याला माहीत.  तानुबाई कलली, अजून कलली, मग तिचा पाय आपणहून बाजूला पडला, तळहात भिंतीवर आपटला… आणि ती उभी होती.

तिनं आधी पायाकडं पाहिलं. मग आमच्याकडं.

“ऱ्हायले की मी,” ती म्हणाली, आणि खुबा मोडल्यापासून पहिल्यांदा हसली.  मागं सयाजी घामानं निथळत होता.

त्यानंतर ती भराभर सुधारली असं सांगितलं तर खोटं होईल. काही सकाळी पाय दुखायचा आणि ती उठायचीच नाही. काही सकाळी मलाच चक्कर यायची आणि तीच मला दम द्यायची. पण थंडी पडेपर्यंत ती काठी घेऊन कट्ट्यावर आपली आपण यायला लागली. सयाजी मागून चालायचा, हात उघडे ठेवून. आता कुणाला हं म्हणावं लागत नव्हतं. घरात मात्र ती अजून त्यालाच हाक मारायची. परसात जायला दोन पायऱ्या आहेत, त्यांची तिला भीती होती.

एका दुपारी वस्ताद आणि मी त्यांच्याकडं चहाला बसलो होतो. तानुबाई कॉटच्या कडेवर बसली होती. उशाशी तांब्या, नेहमीसारखा भरलेला.

बोलता बोलता ती उठली. कुणाला काही म्हणाली नाही. काठी घेतली, दुसऱ्या हातानं भिंत धरली आणि मागच्या दाराकडं चालू लागली.

सयाजी उठू लागला. वस्तादांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. नुसता ठेवला, दाबला नाही.

तानुबाई उंबऱ्याशी थांबली. चौकट धरली. काठी खालच्या पायरीवर टेकवली, मग पाय… मग दुसरा. आम्हाला ती दिसेनाशी झाली. फरशीवर काठीची टकटक ऐकू येत होती, तेवढंच. मग संडासाचं दार कुरकुरलं.

आणि आतून कडी लागली.

इतके महिने त्या दाराला आतून कडी लागली नव्हती.

सयाजीनं दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि रडला. मोठ्यानं रडला, लहान पोरासारखा, आणि मी दुसरीकडं बघितलं, कारण माझेही डोळे भरले होते. वस्ताद बशीतला चहा फुंकत होते.

थोड्या वेळानं त्यानं तोंड पुसलं. मागच्या दाराकडं बघत राहिला. त्याचे दोन्ही हात मांडीवर उघडेच होते.

“तिनं आतून कडी लावलीय, वस्ताद… पण ती पडली तर?”

वस्तादांनी बशी खाली ठेवली. कॉटकडं पाहिलं.

“उशाचा तांब्या उचल,” ते म्हणाले. “आणि तिला चालत जावं लागेल इतका लांब ठेव.”