बारवेचा तिसावा दिवस

“पण पाण्यात ते जगतात तरी किती दिवस?” दयालगिरींनी विचारलं.

“कोणते जंतू, त्यावर आहे, बाबा,” हेरंब म्हणाला. “पटकीचे काही दिवस, कधी काही आठवडे. विषमज्वराचंही तसंच. पाणी गार असलं, ऊन पोचत नसलं, तर आणखी तग धरतात.”

हे सांगताना त्याला अडखळावं लागत नव्हतं. मठात येण्याआधी तो शहरातल्या कॉलेजात जंतुशास्त्र शिकवत असे.

महिन्यापूर्वी मठाच्या बारवेचं पाणी पिऊन खालच्या वाडीतली सतरा माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली होती. दोन मुलं गेली. तेव्हा हेरंबनेच बारवेच्या तोंडाशी काटेरी फांद्या लावल्या होत्या.

“आज तिसावा दिवस,” तो म्हणाला. “उद्या मठाचा उत्सव. लोक तीर्थ मागतील. बारव उघडू या.”

“खात्री आहे?”

हेरंबने फांद्या बाजूला केल्या, बारवेत उतरला, फुलपात्र भरून वर आला आणि गुरूंसमोर उभ्या उभ्या ते सगळं प्यायला.

दयालगिरींनी मान डोलावली.

मठाच्या दाराशी पायरीवर गिरजा बसली होती. वाडीतलीच. गेलेल्या दोघांतली एक तिची थोरली. मांडीवर धाकटा होता, दोन वर्षांचा. तीस दिवस भरले की बारव उघडेल, त्याला तीर्थ पाजू, म्हणून ती सकाळीच टेकडी चढून आली होती.

“त्यालाही दे,” दयालगिरी म्हणाले.

हेरंबने पुन्हा फुलपात्र भरून आणलं. ते पोरासमोर धरलं. पोराने दोन्ही हातांनी काठ पकडला, ओठ पुढे केले...

हेरंबने फुलपात्र मागे ओढलं.

पोर रडू लागलं.

“द्या की, महाराज,” गिरजा म्हणाली. “तुम्ही पिलात ना आत्ता?”

“दिवस कधीपासून मोजलेस?” दयालगिरींनी विचारलं.

“शेवटचा माणूस आजारी पडला तेव्हापासून.”

“आणि ते जंतू पाण्यात आले कुठून?”

“भक्तनिवासाच्या संडासाचा खड्डा,” हेरंब हळू आवाजात म्हणाला. “बारवेच्या वरच्या अंगाला आहे. तिथून झिरपत असणार.”

“खड्डा वापरात आहे?”

“आहे.”

“आजही?”

“आजही.”

“जागा कुणी ठरवली?”

“मी. गवंडी नको म्हणत होता. त्याला मी गप्प बसवलं.”

“आणि हे तुझ्या लक्षात कधी आलं?”

“पहिल्याच आठवड्यात... शंका आली होती.”

दयालगिरी गिरजाकडे बघत होते.

हेरंब तिच्याकडे वळला. इतका वेळ त्याने ते टाळलं होतं.

“ताई, तो खड्डा मी खणवला. चूक माझी होती. कळल्यावरही मी बोललो नाही.”

गिरजाला आधी उमगलं नाही. तिने वरच्या अंगाला पाहिलं, मग बारवेकडे.

“म्हंजे माझी शेवंता...”

ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. पोराला घट्ट धरून तशीच बसून राहिली.

हेरंबने फुलपात्रातलं पाणी जमिनीवर ओतलं. मग तो दयालगिरींच्या पायांशी बसला.

“बाबा, मला प्रायश्चित्त सांगा. उपास सांगा, मौन सांगा. म्हणाल तर मठ सोडतो.”

त्याने पायांवर डोकं ठेवायला हात पुढे केले. दयालगिरींनी पाय आखडून घेतले.

“लेकरू अजून तहानलेलं आहे,” ते म्हणाले. “ऊठ. चूल पेटव, पाणी उकळायला ठेव.”