शेपटीचा मान

डोंगरापलीकडच्या दाट जंगलात एका अस्वलाची आमराई होती. अस्वल होते जाड. ते झाडावर चढले की फांदी मोडे. म्हणून आंबे उतरवायला त्याने वानर आणि वानरी कामाला ठेवल्या होत्या. मुलांनो, वानरांनी ते आंबे स्वतःच का खाल्ले नाहीत, असे विचारू नका. अस्वलाचा पंजा ज्याने जवळून पाहिला आहे, तो असे विचारत नाही.

आमराईचा मुकादम होता कोल्हा. संध्याकाळी तो वानराला चार आंबे देई आणि वानरीला दोन. टोपली दोघांचीही सारखीच भरे. वानरी तर पोटाशी पिल्लू घेऊन चढत. एके दिवशी एका वानरीने आपले दोन आंबे कोल्ह्यापुढे ठेवले आणि विचारले, "मुकादम, माझी टोपली यांच्या टोपलीएवढीच आहे. मग आंबे निम्मे का?"

कोल्ह्याने याचा कधी विचारच केला नव्हता. तो डोके खाजवू लागला. तेवढ्यात वानरीचा नवराच पुढे झाला. शेपटी कमानीसारखी उभारून म्हणाला, "अगं, ही बघ! तुझ्या शेपटीपेक्षा वीतभर लांब आहे. शेपटीला मान असतो."

"तुम्ही शेपटीने आंबे तोडता का?"

"तोडत नाही. पण ती आहे ना!"

बाकीचे वानर खो खो हसले. एक जण ओरडला, "वहिनी, आधी शेपटी वाढवा, मग आंबे मागा!"

वानरी नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही तरी माझ्या बाजूने बोला. दोन आंब्यांत माझे पोट भरत नाही. पिल्लाला दूध पुरत नाही."

"घरात सहा आंबे येतात ना? त्यात तुझे काय आणि माझे काय!"

"येतात सहा. पण चार तुम्हीच खाता."

वानर आभाळाकडे पाहू लागला. वानरीने आपले दोन आंबे उचलले आणि ती गेली.

कोल्ह्याच्या डोक्यात मात्र तो प्रश्न राहिला. तो अस्वलाकडे जाऊन म्हणाला, "मालक, टोपली सारखीच भरते. वानर चार आंबे घेतो, वानरी दोन घेते. मग आपण वानर ठेवतो कशाला?"

अस्वल म्हणाले, "त्यांची शेपटी लांब असते ना?"

"असते. पण ती आपल्याला काय करायची आहे?"

अस्वलाने बोटांवर आंबे मोजले. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या वानरांना घरी बसवले आणि त्यांच्या जागी ओढ्यापलीकडच्या वानरी आणल्या.

वानर घरी पिल्लू सांभाळू लागला. पिल्लू दिवसभर त्याच्या शेपटीला धरून झोके घेई. सहा आंबे यायचे त्या घरात आता दोनच येऊ लागले. पिल्लू भुकेने रडे आणि रडता रडता शेपटी आणखी जोरात ओढे. शेवटी वानर धावत अस्वलाकडे गेला.

"मालक, हा अन्याय आहे! वानरींनाही चार आंबे द्या!"

"का रे? परवापर्यंत तर शेपटीला मान होता."

"शेपटीचे सोडा, मालक. काम सारखे, तर मजुरीही सारखी हवी."

"हे तुझी बायको बोलली, तेव्हा तुम्ही वानर हसत होतात, मुकादमाने सांगितले मला. आता मला दोन आंब्यांत टोपली भरून मिळते. मी चार का देऊ? आंबे पिकत आले आहेत, हात आणखी हवेत. दोन आंब्यांत येत असशील तर ये."

वानराने शेपटी पायात दुमडली आणि तो मुकाट्याने वानरींच्या मागे रांगेत उभा राहिला.

कोल्ह्याने विचारले, "पाहुणे, तुमची शेपटी दिसत नाही?"

"आहे हो. तिचे काही नाही."

संध्याकाळी त्याच्या हातावर दोन आंबे पडले. वानरी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही सगळे आमच्या बाजूने बोलला असता, तर आज आपल्या घरात आठ आंबे आले असते. आता चार आले. आणि अहो, यातले दोन माझे आहेत. तिकडे हात नेऊ नका."

वानराने हात मागे घेतला. पिल्लू त्याच्या शेपटीला लोंबकळत होते. तेवढ्याच कामाला ती आता उरली होती.

तात्पर्य एवढेच : सोबत्याच्या निम्म्या मजुरीवर जो हसतो, तो आपलीही मजुरी निम्मी कशी करावी, हे मालकाला शिकवून ठेवतो.