चौथी खेप

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. वेळ सकाळची, सूर्य हातभर वर आलेला. स्थळ, खाडीकाठच्या एका गावाचा बांध. बांधावर एक म्हातारा बसला होता आणि तेरा दिवस तो एक शब्दही बोलला नव्हता.

हा म्हातारा उघाडीचा राखणदार. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. ओहोटीला तो उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला लावून खाडीचं खारं पाणी अडवायचं. गावाला अशा दोन उघाड्या होत्या. पौर्णिमेच्या उधाणात त्यातली एक फुटली. निम्मी भातशेती खारी झाली, दोन माणसं वाहून गेली. गावानं मातीचा भराव टाकून ते भगदाड बुजवलं. लोक म्हणाले, म्हातारा झोपला असेल. म्हातारा काहीच म्हणाला नाही.

आता अमावास्येचं उधाण दोन दिवसांवर आलं होतं. दुसरी उघाडी टिकेल का, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या फळ्या पाण्याखाली, त्या हातानंच चाचपून पाहाव्या लागत. चाळीस वर्षं ते काम त्याच्याच हातांनी केलं होतं.

राजानं आपले तीन समजूतदार पाठवले. प्रजेची गाऱ्हाणी ऐकायला राजवाड्यात त्यांची तीन आसनं होती, आणि त्या आसनांचा त्यांना फार अभिमान होता.

पहिला म्हणाला, "बाबा, देवाच्या मनात होतं ते झालं. मन घट्ट करा." एवढं बोलून तो सावलीत गेला.

दुसऱ्यानं स्वतःच्या चुलत्याची गोष्ट काढली. चुलत्याचं घर कसं बुडालं, चुलता पुन्हा कसा उभा राहिला. ती संपेपर्यंत ओहोटी लागली.

तिसरा उभ्यानंच विचारू लागला. "फळी कुजली होती का? हो की नाही? तुम्ही झोपला होतात का? हो की नाही?"

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

"बहिरा झालाय," तिसरा गावकऱ्यांना म्हणाला.

तेव्हा गर्दीतून गावची सुईण पुढे आली. लोक हसले. "बाय, हे काय बाळंतपण आहे?"

"दुसरं काय आहे?" ती म्हणाली. "अडलंय, दिसत नाही? निघा सगळे. अडलेल्या जिवाभोवती जत्रा भरवायची नसते."

ती म्हाताऱ्याच्या समोर बसली नाही. शेजारी बसली, त्याच्यासारखीच खाडीकडे तोंड करून. आणि गप्प राहिली.

गप्प राहणं सोपं नव्हतं. तिच्या जिभेवर दहा वाक्यं येत होती आणि दहाही चांगली होती. पण तरुणपणी एकदा तिनं घाई करून हात घातला होता. ते बाळंतपण ती कधीच विसरली नव्हती. कळ यायची तेव्हाच येते. तोवर सुईणीनं जागं राहायचं.

चिखलात एक बगळा उतरला, पोटभर खाऊन उडून गेला.

"मी सांगितलं होतं," म्हातारा म्हणाला.

तुमचा काही दोष नाही हो, असं सुईणीच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. "तुम्ही सांगितलं होतं."

"तीनदा."

"तीनदा. मग काय झालं, दादा?"

मग तो बोलू लागला. फुटलेल्या उघाडीची फळी कुजून अंगठ्यानं दबत होती. तो तीन वेळा चालत राजवाड्यावर गेला. प्रत्येक खेपेला तोंड उघडलं की दोन वाक्यांतच वर आसनावरून उत्तर यायचं. काळजी करू नका. होईल सगळं नीट. पुढचा कोण आहे?

तो थांबला तेव्हा सुईण म्हणाली, "नीट ऐकलंय का मी, बघा. फळी गेलीय हे तुम्हाला कळलं होतं. तीन खेपा घातल्यात. कुणी पुरतं बोलू दिलं नाही. आणि त्याचा तुम्हाला राग आलाय."

"राग नाही, बाय." म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. "लाज वाटते. चौथ्यांदा गेलो नाही, त्याची."

"माझं चुकलं. राग नाही, लाज. चौथी खेप राहिली, त्याची."

"हो. हेच."

आणि तो रडला. तिनं त्याला गप्प केलं नाही. डोळे पुसून तो आपणच म्हणाला, "दुसऱ्या उघाडीच्याही दोन फळ्या दबतात. ऐनाचं लाकूड लागेल. आजच."

तो उठला. तिनं हात दिला नाही, त्याला तो लागलाही नाही. ताठ मानेनं बांधावरून तो पुढे निघाला आणि त्याला झोपाळू म्हणणारे मागून लाकूड वाहत गेले. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यानं नव्या फळ्या आपल्या हातानं बसवल्या.

अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं, तासभर थांबलं आणि मुकाट माघारी गेलं. शेतात खारा थेंब शिरला नाही.

तिसऱ्या समजूतदारानं सुईणीला गाठलं. "कोणती युक्ती केलीस?"

"युक्ती नव्हे, कसब आहे," ती म्हणाली. "आमच्या हाताचं. तुम्ही मेण्यातून उतरलात तेच उत्तर घेऊन, साहेब. मग त्याचं बोलणं ठेवणार कुठे?"

त्या गावानं तेव्हापासून एक रीत धरली, आणि ती फार अभिमानानं पाळली. कुणाचं दुःख ऐकायला बसलं, तर आधी त्याचं बोलणं त्याला परत सांगायचं. तो "हो, हेच" म्हणेपर्यंत आपलं एक अक्षरही काढायचं नाही.

तात्पर्य: दुःखी माणसाला आधी पुरतं बोलू द्यावं; शहाणपण नंतरही सांगता येतं.

राजानं पुढे चौकशी केली. म्हाताऱ्याच्या तिन्ही खेपांचे दिवस द्वारपालाला तोंडपाठ होते. त्या तिन्ही दिवशी तिन्ही आसनांवर माणसं बसलेली होती. "काळजी करू नका" हे त्यातलं कोण म्हणालं, याचं उत्तर वाहून गेलेल्या दोघांच्या घरच्यांना अजून मिळालेलं नाही.