सांपे आजारी आहे

"आजोबा आजारी आहेत ना? मग बरे कधी होणार?"

तांडीनं हे विचारलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि विचारलं तेही गावप्रमुखाच्या घरी, भर पंगतीत! पुरुषांना एकदम खोकला आला. बायका भाताच्या टोपल्यांत वाकल्या. थोरल्या भावानं, सांपेनं, असा चिमटा काढला की मांडी आठवडाभर हिरवीनिळी होती. उत्तर मात्र कुणीच दिलं नाही.

सुलावेसी बेटाच्या डोंगरातलं हे तोराजांचं गाव. तिथं श्वास थांबला म्हणून कुणी मरत नसे. बळीसाठी रेडे जमवायचे, गावजेवण घालायचं, वाजतगाजत निरोप द्यायचा. मग तो मेला. तोवर तो नुसता आजारी. दक्षिणेच्या खोलीत निजलेला. त्याला रोज कॉफी द्यायची, गावच्या चहाड्या सांगायच्या. तांडी ज्यांना आजोबा म्हणे, ते प्रमुख लिंबोंगचे वडील सात वर्षं झाली तरी असे आजारीच होते. त्यांच्या मानाला चोवीस रेडे लागत, आणि रेड्यांचा विषय निघाला की लिंबोंगला ऐकू कमी येई.

आता तांडी एकोणीस वर्षांचा होता आणि दक्षिणेच्या खोलीत सांपे होता. तीन महिन्यांपूर्वी बांध रचताना दगड सरकला आणि दगडाबरोबर सांपेही दरीत गेला. तांडी रोज त्याच्याशी भांडे. "हाक मारायला काय झालं होतं? एकटाच निघाला शहाणा!" मग कॉफीत साखर जरा जास्तच घाली.

सांपेनं नऊ वर्षं डोंगर फोडून ते शेत केलं होतं. कुत्रंसुद्धा तिथवर चढत नसे. पण आता खालून रस्ता येणार होता, आणि शहरातल्या एका व्यापाऱ्याला नेमकं तिथंच, दरी दिसेल असं, पाहुण्यांसाठी घर बांधायचं होतं. व्यापारी जागा पाहून गेला आणि दुसऱ्याच दिवशी लिंबोंग दारात हजर!

"गावच्या रानात फोडलेलं शेत," तो म्हणाला. "माणूस आहे तोवर त्याचं. माणूस मेला की गावाचं. आणि गावाचं म्हणजे माझ्या ताब्यात."

"कोण मेलं?" तांडी उसळला. "दादा आजारी आहे!"

"असं? आजारी माणूस बोलतो तरी!" लिंबोंग हसला. "परवा बाजाराच्या दिवशी आण त्याला सभेत. सगळ्यांसमोर त्यानं म्हणावं, शेत माझं आहे म्हणून. तो बोलला नाही, तर शेत सोडायचं!"

"आणतो!" तांडी म्हणाला. एवढं बोलून झाल्यावर त्यानं विचार करायला सुरुवात केली.

आईनं कपाळावर हात मारला. "तुझी जीभ पुढे पळते आणि डोकं मागून धापा टाकत येतं! आता कसा आणणार त्याला?"

तांडी दोन रात्री भावाच्या उशाशी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून एकटाच सभेला निघाला.

धान्याच्या कोठाराखालच्या ओट्यावर सगळं गाव जमलं होतं. लिंबोंग मधोमध बसला होता.

"काय रे, सांपे कुठंय?"

"तयार बसलाय, काका! केस विंचरले, नवी लुंगी नेसवली. पण एका गोष्टीवर अडलाय. विचारतोय, सभा बोलावली कोणी?"

"मी! गावचा प्रमुख!"

"हेच मी त्याला सांगितलं. तर म्हणतो, प्रमुख तर आजोबा! ते आजारी असताना मुलगा प्रमुख कधी झाला? का आजोबा मेले, आणि मला कुणी कळवलंच नाही?"

ओट्यावर कुजबुज सुरू झाली. मागून एक म्हातारी ओरडली, "मेले असतील तर चोवीस रेडे कुठं आहेत रे लिंबोंग? सात वर्षं वाट बघतेय. सुरुवातीला मला दात होते!"

"बाबा मेलेले नाहीत!" लिंबोंग गडबडीनं म्हणाला. "आजारी आहेत!"

"मग त्यांनाच आणा की. त्यांनी स्वतःच्या तोंडानं हाक मारली तर दादा उडी मारून येईल!"

"अरे गाढवा, ते कसे येतील? आजारी माणसाच्या वतीनं घरचा माणूस बोलतो! सात वर्षं त्यांच्या वतीनं मीच बोलतोय!"

"झालं तर!" तांडी ओट्यावर चढला. "माझा भाऊ आजारी आहे. मी त्याच्या घरचा माणूस. त्याच्या वतीनं बोलतो, ऐका सगळे! शेत माझं आहे!"

मग बोळक्या तोंडानं म्हातारी हसली, तिच्यामागे सगळा ओटा हसला, आणि शेवटी लिंबोंगचं ढेरपोटही गदगदू लागलं. हसता हसता त्याच्या तोंडातलं पान खाली पडलं.

"हरलो! सांग तुझ्या भावाला, खुशाल नीज म्हणावं. तो बरा होवो न होवो, शेत तुमच्या घरचंच. गाव साक्षी आहे! आणि हे घे, माझ्या गोठ्यातलं एक रेडकू. कधी ना कधी लागेलच तुम्हाला."

"काका, एक विचारू?"

"विचार!"

"आजोबा बरे कधी होणार?"

लिंबोंगनं पोट धरलं आणि तो पुन्हा हसत सुटला. उत्तर त्यानंही दिलं नाही.

रेडकू नुकतंच दूध तुटलेलं, काळं, हडकुळं होतं. तांडीनं ते दक्षिणेच्या खिडकीखाली बांधलं. आई दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. रेडकू कशासाठी दिलंय ते तिला कळलं होतं, तांडीलाही कळलं होतं. त्यानं कॉफी केली, साखर घातली, आणखी एक चमचा घातली आणि भावाच्या उशाशी ठेवली.

"दादा, शेत राहिलं," तो म्हणाला. "रेडकूही आलंय. पण फार लहान आहे रे ते. तू सावकाश आजारी राहा."

मग त्यानं सांपेची घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली आणि तो रेडकासाठी गवत कापायला गेला. मूठभरच कापलं. रेडकू वाढायची कुणाला घाई नव्हती.