खांडा तुरुंगात, सरदार दारात

तिसऱ्यांदा बोलावणं गेलं, आणि तिसऱ्यांदाही सरदार गर्जेराव न्यायसभेत आला नाही. त्यानं पालखीतून आपला खांडा पाठवला!

खांडा म्हणजे त्याची रुंद पात्याची तलवार. कारभाऱ्यानं ती मखमली गादीवर ठेवून न्यायाधीशांपुढं मांडली आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "सरदारांना सवड नाही. त्यांचा निरोप आहे, खांडा म्हणजे मीच! लग्नाच्या वेळी ते शिकारीत गुंतले होते, तेव्हाही खांडाच पाठवला होता. बाईसाहेबांनी खांड्याला माळ घातली, लग्न लागलं. लग्नाला चालतो तो खटल्याला का चालू नये? विचारा काय विचारायचं ते!"

सभेत खसखस पिकली. हौसा कुंभारीण तेवढी हसली नाही. खटला तिचाच होता ना! आपले घोडे डुंबावेत म्हणून सरदारानं कुंभारवाड्याच्या तळ्याला कुंपण घातलं होतं. तळ्याची माती बंद की हौसाचं चाक बंद, आणि चाक बंद की चूल बंद.

न्यायाधीश नरहरशास्त्री म्हातारे. हात थरथरायचे, जीभ मात्र नाही. "तीनदा बोलावून न येणं हा न्यायसभेचा अपमान! सरदाराला तीन दिवस तुरुंगात घाला!"

साऱ्या माना महाराजांकडं वळल्या. सरदार पडला महाराजांचा मेहुणा, राणीसाहेबांचा लाडका भाऊ.

महाराज खाकरले. "बरोबर आहे शास्त्रीबुवा! कायदा सगळ्यांना सारखा. फक्त त्याला दोरी लावू नका. शिपायाचा हात लागू देऊ नका. आमचा हुकूम मागू नका. एवढं सांभाळून खुशाल घाला!"

"म्हंजे अंग भिजवू नका अन् आंघोळ घाला," हौसा पुटपुटली. पुटपुटली कसली, पार दारातल्या भालदाराला ऐकू गेलं.

महाराजांचे कान लाल झाले. "फार शहाणी दिसतेस! मग तूच घाल. तीन दिवस देतो. कुणी हात न लावता सरदार आपल्या पायांनी तुरुंगाच्या दाराशी आला पाहिजे आणि 'मला आत घ्या' म्हणाला पाहिजे. नाही जमलं, तर तळं सरदाराचं, आणि तू चाक डोक्यावर घेऊन राज्याबाहेर!"

हौसानं पदर खोचला. "चालंल की. पण आज जे हजर हाईत, त्यांना तरी आत घाला."

"कोण हजर आहे?"

"हे काय, गादीवर पसरलेत! कारभारी, खांडा म्हंजे सरदारच ना? का सरदार खोटं बोलले?"

"सरदार खोटं बोलत नाहीत!" कारभारी गरजला.

"झालं तर!"

महाराजांना हसू आवरेना. "घाला!" तुरुंगाच्या नाईकानं वहीत लिहिलं, 'सरदार गर्जेराव, हजर.' खांड्याला एक कोठडी, एक घोंगडी आणि पाण्याचं एक गाडगं मिळालं. हे कळल्यावर सगळ्यांत जास्त हसला तो सरदार. "बसू दे त्याला आत. मी चाललो शिकारीला!"

तो गावाबाहेर पडला आणि हौसा मडक्यांची पाटी घेऊन त्याच्या वाड्यात शिरली.

"बाईसाहेब, धनी तुरुंगात, अन् तुम्ही झोपाळ्यावर?"

"कोण तुरुंगात? ते तर रानात गेलेत."

"रानात कोण गेलं, देव जाणे. तुम्ही माळ कुणाला घातली होती?"

बाईसाहेबांचा झोपाळा थांबला. माळ घालताना हसलेल्या वऱ्हाडातला एकूण एक चेहरा त्यांना वीस वर्षांनीही आठवत होता. त्या हळूच हसल्या. "हौसा, कोठडीत डबा द्यायची वेळ काय गं?"

दुसऱ्या दिवशी सरदार शिकारीहून परतला, तर वाड्याचा दरवाजा बंद!

"सरदार घरी नाहीत," आतून देवडीवाला म्हणाला. "तुरुंगात आहेत."

"अरे गाढवा, मीच सरदार!"

वरची खिडकी उघडली. बाईसाहेबांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "कोण हे परके गृहस्थ? माझं लग्न ज्यांच्याशी लागलं ते कोठडीत आहेत. आत्ताच पुरणपोळी धाडली. दाराशी ओरडू नका, चार माणसं काय म्हणतील!"

सरदार बहिणीकडं धावला. पण बाईसाहेबांचा निरोप तिथं आधीच पोचला होता, आणि राणीसाहेबांनाही लहर आली होती. पडद्याआडून त्या म्हणाल्या, "माझा भाऊ खांड्याशिवाय पाणी पीत नाही. हा मोकळ्या हातांचा तोतया कोण?"

उपाशीपोटी रात्र काढून तिसऱ्या दिवशी सकाळी सरदार तुरुंगाच्या दाराशी आला. महाराज, शास्त्रीबुवा आणि हौसा तिथं आधीच येऊन बसले होते.

"माझा खांडा सोडा!"

नाईकानं दुरूनच हात जोडले. "आत सरदार गर्जेराव आहेत. तीन दिवस भरले आणि स्वतःच्या तोंडानं माफी मागितली की सुटतील. पण आज तिसरा दिवस, बोलतच नाहीत!"

"तो कसा बोलेल? सरदार मी आहे! मी!"

"मग आपण बाहेर कसे? पळून आलात?"

सरदारानं मागं वळून पाहिलं. घरी खिडकी, राजवाड्यात पडदा, मागं हसणारं गाव. शेवटी तो दारावर मुठी आपटत ओरडला, "अरे उघडा! मीच तो! मला आत घ्या!"

दार उघडलं. सरदार आपल्या पायांनी आत गेला. पाठोपाठ त्याचा आवाज आला, "माफी! आणि ते कुंपणही काढा! आता तरी सोडा! तीन दिवस झाले की!"

"ते खांड्याचे झाले," शास्त्रीबुवा म्हणाले. "त्याला सोडा. आपले आजपासून."

खांडा पालखीत बसून घरी गेला. बाईसाहेबांनी दारात त्याला ओवाळलं!

महाराज पोट धरून हसत होते. डोळे पुसत म्हणाले, "हौसा, एक सांग. उद्या शास्त्रीबुवांनी आम्हालाच बोलावलं, आणि आम्ही नुसता मुकुट पाठवला तर?"

"तर म्हाराज, मुकुट आत जाईल. अन् बाहेर कोण उरलं, ते राणीसाहेबांना इचारा!"

महाराजांचं हसू एकदम थांबलं. हात डोक्याकडं गेला, मुकुट जागेवर आहे का ते चाचपलं. आणि मग ते असे हसले, की आत कोठडीत सरदारालाही ऐकू गेलं. तळं कुंभारवाड्याला कायमचं मिळालं. वर हौसाला एक हुकूमही मिळाला: यापुढं न्यायसभेतले पाण्याचे सगळे रांजण तिच्याच चाकावरचे, आणि पहिला रांजण महाराजांनी स्वतः येऊन न्यायचा. मुकुट पाठवून भागणार नाही!