हातभर आणखी

“...मग राहू ना मी इथे, बाबा? हिवाळाभर?”

समद बाबांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि समोरच्या डोंगराकडे बघत बसले.

विचारणारा शिरीष टिपणीस, सोलापूरचा. सारा जन्म उन्हात भाजून निघाला म्हणून असेल, पण बर्फाचं वेड असं की विचारू नका. आपल्यासारख्या वेड्यांचा त्याने एक कंपूच जमवला होता. दिवाळीचा फराळ संपत आला की या मंडळींच्या अंगात यायचं. कपाटातली जाकिटं बाहेर निघायची, पंख्याखाली बसून कानटोप्या घातलेले फोटो काढले जायचे, आणि फोनवर दिवसातून दहादा एकमेकांना एकच सवाल: पडला का?

यंदा शिरीष सगळ्यांवर कडी करून काश्मीरच्या पार वरच्या अंगाला, खिंडीपलीकडच्या एका गावात येऊन बसला होता. पहिला बर्फ उतरताना बघायचा आणि तसंच वसंतापर्यंत राहायचं, असा बेत. उद्या सकाळी खाली जाणारी शेवटची गाडी. ती गेली की खिंड बंद. मग आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही. गावाची रीत अशी की परक्याला हिवाळ्यात राहायचं तर समद बाबांनी हो म्हणायला हवं. बाबा म्हणजे गावाबाहेरच्या दर्ग्यात राहणारा म्हातारा फकीर. बोलणं मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत, आणि तेही क्वचित. आपण ते आपल्या बोलीत ऐकू.

“थंडीला मी भीत नाही, बाबा,” शिरीष म्हणाला. “बर्फ मला कळतो. नुसता हाताला लागू दे, कोरडा की ओला ते सांगतो. मला चेला करून घ्या. कोपऱ्यात बसून बर्फ बघत राहीन. मला त्यातच देव दिसतो.”

“देव दिसतो...” बाबा पुटपुटले.

मग ते उठले. भिंतीला टेकवलेली कुदळ आणि फावडं त्यांनी शिरीषच्या हातात दिलं.

“चल.”

शिरीषला आनंद मावेना. गुरूने काम सांगितलं म्हणजे निम्मी परवानगी मिळालीच की!

दर्ग्यामागच्या उतारावर बाबांनी काठीने एक लांबट चौकोन आखला.

“खण.”

कशासाठी, हे शिरीषने विचारलंच नाही. गावात घरोघरी खड्डे खणणं चाललं होतं. हिवाळ्याची बेगमी म्हणून लोक सलगमाचे जांभळट कंद पेंढ्यात गुंडाळून पुरत होते. त्या सकाळीच बाबांकडे त्याने सलगमाची भाजी दोनदा मागून घेतली होती. ‘साखर घातलीय का हो यात?’ असंही विचारलं होतं. फकिराच्या दारी चार माणसं जेवायला येणार, तेव्हा खड्डाही मोठा लागणार. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, या शहाण्याला तर शब्दही लागला नाही.

तो खणत सुटला. तळहाताला फोड आले तरी थांबेना. मधेच कुदळीसकट स्वतःचा फोटो काढून कंपूला धाडला: ‘गुरुसेवा सुरू!’ वर ढग दाटले होते. “आज पडणार, बाबा! पहिली कणी पडली ना, की मी नाचणार आहे. तुम्हाला पण नाचवणार!”

बाबा दगडावर बसून बघत होते.

खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा ते म्हणाले, “आडवा हो.”

ध्यानाची काही रीत असणार. शिरीष मातीत उताणा पडला, डोळे मिटले, छातीवर हात ठेवले. पाय मात्र मावेनात. गुडघे दुमडावे लागले.

बाबांनी वरून काठी धरून माप घेतलं आणि चुकचुकले.

“हातभर कमी पडतो.”

“सलगमांना?” शिरीष डोळे मिटूनच हसला.

“कसले सलगम?”

“म्हणजे... सलगम पुरायलाच ना हा?”

“सलगम दाराशी पुरतात, बेटा. कमरेएवढ्या बर्फातून इतक्या लांब भाजी न्यायला कोण येईल?”

शिरीष उठून बसला. डोळे जमिनीच्या पातळीला आले, आणि मघापासून जे दगड त्याला शेताचा बांध वाटत होते ते त्याने आता पहिल्यांदा नीट पाहिले. एकेक सुटा. उभा. सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला.

तो असा धडपडत बाहेर आला की कानटोपी आतच राहिली.

“कबर? ही... कबर आहे?”

“हो.”

“कोण गेलं?”

“अजून कोणी नाही.”

“मग कोणासाठी?”

“बर्फाला ठाऊक.”

शिरीष खड्ड्याच्या काठापासून दोन पावलं मागे सरला. बाबा सावकाश बोलले. “बर्फ बसला की जमीन दगड होते. कुदळ मारली तर नुसती वाजते. म्हणून आधीच खणतो. दर साली एक.”

“आणि ते... माप?”

“गावात सगळ्यात उंच अझीझ सुतार. त्याच्या मापाची खणली की कोणीही मावतं. पण तू त्याच्याहून उंच निघालास.”

इतका वेळ घाम गाळणाऱ्या शिरीषला आता हुडहुडी भरली. याच हातांनी खणली, आत झोपून मापही आपणच दिलं! त्याला कपड्यांना लागलेली माती झटकवेना.

“पण बाबा... आमच्यात जाळतात.”

“हिवाळ्यात इथे लाकूड जिवंतांना पुरत नाही.”

भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसं सांगितलं त्यांनी. शिरीष भडकला.

“हे भयंकर आहे! जिवंत माणसांची मापं घ्यायची? कोणी गेलंच तर तेव्हा बघता येत नाही?”

बाबा पुन्हा दगडावर बसले. वारा पडला होता.

“एका साली नव्हती खणली...” ते म्हणाले. “माझी आई गेली. तिला छपरावर बर्फात ठेवली. वसंतापर्यंत.”

...

“ती वर. मी खाली, चुलीपाशी.”

...

“त्या साली बर्फ फार सुंदर पडला होता.”

शिरीषने तोंडावर हात ठेवला. आपण सकाळी या माणसासमोर काय काय बोललो, ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांनी काठी टेकली आणि उठले. “खाली जाणार असशील तर एवढी पुरे. राहणार असशील तर हातभर आणखी खण. अंधार पडायच्या आत ठरव.”

खिशात फोन थरथरला. कंपूतलं कोणीतरी विचारत होतं: पडला का?

त्याने फोन बंद केला. त्याला सरळ पळून जावंसं वाटत होतं. गाडीत जागा होती, कोणी अडवत नव्हतं, हसणारही नव्हतं. तो गावाच्या दिशेने निघालाही. खालून अझीझ सुतार पाण्याची भांडी घेऊन चढत येत होता. काल यानेच त्याला निखाऱ्यांची कांगडी अंगाशी कशी धरायची ते दाखवलं होतं, आणि बर्फाचा छंद ऐकून पोट धरून हसला होता. अझीझने खड्ड्याकडे पाहिलं, स्वतःच्या उंचीशी ताडून बघितल्यासारखी मान हलवली, शिरीषला सलाम केला आणि दर्ग्यात पाणी ठेवायला गेला. त्याची आई, बायको, पोरं, सगळी याच गावात राहणार होती.

शिरीष तिथेच थबकला. मग मागे फिरला, खड्ड्यात उतरला आणि पायाकडची बाजू खणू लागला. या वेळी बडबड नव्हती. कुदळ दोनदा निसटली.

त्याच्या बाहीवर काहीतरी पांढरं येऊन टेकलं. मग आणखी एक.

तो बघत राहिला. ओरडला नाही, नाचला नाही. बाहीवरची कणी विरघळून गेली, तेव्हा पुन्हा कुदळ उचलली.

माप पुरं झालं. बाबांनी हात देऊन त्याला वर घेतलं. उभ्या दगडांवर एव्हाना पांढरं साचू लागलं होतं. शिरीषने विचारलं, “बाबा... आणि वसंतापर्यंत कोणीच गेलं नाही, तर? या खड्ड्याचं काय करता?”

बाबांनी त्याची कानटोपी झटकली आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

“सकाळी साखर घातलीय का म्हणून विचारलंस ना... ते सलगम गेल्या सालच्या खड्ड्यात माती लोटून पेरलेले.”